गिरजाची अळणी चटणी

डाक्टरनं ज्याला मीठ तोडायला सांगितलं आहे त्याच्यासाठी, अन् त्याच्या घरातल्या बाईसाठी हे लिहितोय. बाईनं आधी वाचावं. तिला वाचता येत नसलं तर कुणीतरी वाचून दाखवावं.

दुखणं माझं होतं. मी जिता आहे. गेली ती माझी बायको, गिरजा. मीठ मला बंद होतं, तिला नव्हतं. एवढं आधीच सांगून टाकतो.

आम्ही धनगर. जिंतुराहून देवगाव फाट्याकडं येताना आत आमचं गाव आहे. निजामाच्या शाळेत चौथीपर्यंत गेलो. त्यातलं उर्दू विसरलो अन् मराठी थोडी राहिली. बाकी सगळी जिंदगी मेंढरांमागं. लिहिणं ओबडधोबड असंल, पण खोटं नाही.

अंगठ्याचा खळगा

पहिल्यांदा वहाणा होईनात. सकाळी पाय बसायचा अन् सांजच्याला पट्टा रुतायचा. मी चांभाराला जाऊन बोललो, "कातडं ओढून शिवलंस." तो म्हणला, "आबा, वहाण तीच हाय, पाय दुसरा घेऊन आलाव."

मग दम लागू लागला. मेंढरं माळ चढून जायची अन् मी खालीच दगडाला टेकायचो. आडवं झालं की छातीवर पोतं ठेवल्यासारखं व्हायचं. गिरजानं उशाखाली गोधड्या रचल्या. नजर लागली म्हणून मीठ-मिरच्या उतरून चुलीत टाकल्या. मीठ तडतडलं नाही तेव्हा ती म्हणली, "नजर न्हाई. डाक्टरच बघावा लागतंय."

जिंतूरचा डाक्टर तरणा होता. त्यानं माझ्या नडगीवर अंगठा रोवला अन् उचलला. खळगा पडला. मी बघत राहिलो, तो खळगा भरेचना. मेंढराच्या जबड्याखाली पाणी उतरतं तेव्हा बोट दाबलं की असाच खळगा राहतो. तसलं मेंढरू आम्ही ठेवत नाही.

मी म्हणलं, "साहेब, असल्या मेंढराला आमी बाजार दावतो."

डाक्टर हसला. गिरजा हसली नाही. तसली मेंढरं तिनं बी पाहिली होती.

"काळीज थकलंय बाबा," तो म्हणला. "दाब लय वाढलाय. अंगात पाणी साठायलंय. परभणीला जावा, आजच. अन् मीठ बंद."

गिरजानं विचारलं, "किती दिवस?"

"अंग उतरंपर्यंत तर बंदच. पुढचं परभणीवाले सांगतील."

आम्ही घरी आलो, दोन कपडे अन् एक चादर घेतली. गिरजा मधीच कुठंतरी जाऊन आली. एसटी गाठायची घाई होती. कुठं गेली होतीस, हे मी विचारलं नाही.

अळणीवाले दोघं

दवाखान्यात सगळा दिवस ठरलेला असतो. उजाडताच सुई. मग लघवीची गोळी. ती घेतली की माणसानं धोतर हातातच धरून बसावं. मग वजनकाट्यावर उभं राहायचं. वजन कमती झालं की सिस्टर खूश. जन्मभर मेंढराचं वजन वाढलं की आम्ही खूश, इथं उलटा कारभार.

जेवणाची गाडी यायची. सगळ्यांना एका हंड्यातली डाळ, मला वेगळ्या डब्यातली. वाढणारा दारातूनच हाक द्यायचा, "अळणीवाला कोण हाय?" सगळा वार्ड माझ्याकडं बघायचा. माझं नाव तिथं कुणाला ठाऊक नव्हतं.

पहिला घास तोंडात फिरवला अन् थुंकला. सुतकातलं जेवण बी एवढं मेलेलं नसतं. मी रानात जेवणारा माणूस. भाकर, कांदा, मिरची अन् खडेमीठ, दुसरं कालवण लागलं नाही कधी. मीठ गेलं म्हणजे माझं जेवणच गेलं. दोन दिवस मी नुस्ता चहा पीत राहिलो. तिसऱ्या दिवशी उठताना डोळ्यांपुढं अंधारी आली. सिस्टर गिरजाला म्हणाली, "यांना खायला घाला मावशी, न्हाईतर औषध काय करील?"

शेजारच्या खाटेवर मानवतच्या अडतीवर पोती वाहणारा एक माणूस होता. त्याला बी अळणी. तो बौद्ध होता. त्या वर्षांत विद्यापीठाच्या नामांतरावरून गावोगाव मनं फाटलेली होती. आमच्या गावात बी आम्ही त्यांच्या वाड्याशी बोलत नव्हतो. इथं खाटेला खाट लागलेली, तरी मी भिंतीकडं तोंड करून पडायचो अन् तो खिडकीकडं. अळणीवाला कोण म्हणलं की मात्र दोघांचे हात एकदम वर.

त्याची बायको एक दिवस गिरजाला म्हणली, "तुमचा माणूस जेवंना का?"

"थुंकायलाय."

"माझा बी थुंकायचा. हे लावून बगा. यात मीठ न्हाई." तिनं कागदाची पुडी पुढं केली अन् थांबली. "आमच्या हातचं चालत असंल तर."

गिरजानं माझ्याकडं बघितलं. मी भिंतीकडं बघितलं. गिरजानं तळहात पुढं केला.

जवस, तीळ, लसूण, मिरची अन् वाळलेली अंबाडी होती त्यात. गिरजानं जिभेवर ठेवली अन् डोळे मोठे केले. "अगं, मीठ असल्यावानी लागतंय की."

"मीठ न्हाई बाई. जिभेला भांडण लागतंय नुसतं. आंबट अन् तिखट तोंडात भांडत राहिलं की मिठाची याद येत न्हाई."

त्या दिवशी मी अर्धी भाकर खाल्ली. तो खिडकीकडं तोंड केलेला माणूस माझ्याकडं वळून म्हणला, "जमलं का पाव्हणं?" मी म्हणलं, "जमलं." पुढं आम्ही बोलत राहिलो. त्याला अडतीवरच्या लय गमती ठाऊक होत्या. कापसात पाणी मारून वजन वाढवणारे त्यानं सांगितले, लोकरीत वाळू घालणारे मी सांगितले. दोन बाजूचे चोर सारखेच निघाले.

आम्हाला सुट्टी व्हायच्या आधी तो गेला. दुपारी झोपला तो उठलाच नाही. त्याची बायको सामान बांधताना गिरजाच्या हातात राहिलेली पुडी देऊन म्हणली, "घ्या. आता मी कुणाला लावू?" गिरजा तिच्यासंगट फाटकापर्यंत गेली. त्या बाईचं नाव मला आजबी ठाऊक नाही. माझी भाकर तिच्या पुडीवर सुरू झाली, एवढं ठाऊक आहे.

निघताना मोठ्या डाक्टरनं सांगितलं, "काळीज जुनं झालंय बाबा. मीठ आता कायमचंच बंद धरा. लोणचं, पापड काही न्हाई."

गिरजा मटकन खाली बसली. "कायमचं?" तिनं दोनदा विचारलं.

मला वाटलं माझ्यासाठी बसली.

पाटा

आमचा एकुलता पोरगा भगवान अन् सून शांता शेजारच्या घरात वेगळे राहतात. आम्हा दोघांची चूल वेगळी. गिरजा दोघांचं एकाच भांड्यात रांधायची. मला वाढून झालं की माझ्याच ताटात जेवायला बसायची, लग्न झाल्यापासून तसंच. मी म्हणायचो, "तुज्यापुरतं मीठ घे वरून." ती म्हणायची, "घेते की. तुमी जावा मेंढरांकडं." मी जायचो.

ती पुडी संपली अन् गिरजाची परीक्षा सुरू झाली. पहिल्या खेपेला जवस जळाला.

"ही चटणी हाय का चुलीतली राख?"

"राखच हाय. देवाची म्हणून खावा, गुण येईल."

दुसऱ्या खेपेला ओवा एवढा घातला की बाळंतिणीचं खाणं झालं. शांता म्हणली, "आबा, कितवा महिना?" असली चेष्टा आमच्या घरात चालायची. पुढं बंद झाली, म्हणून लिहितोय.

पावसाळा संपेपर्यंत तिचा हात बसला. कसं करायची ते सांगतो, हेच ज्याच्या-त्याच्या कामाचं आहे. दोन मुठी जवस मंद आचेवर भाजायचा, त्याची तडतड थांबली की उतरायचा. एक मूठ तीळ वेगळे भाजायचे, कारण तीळ आधी जळतात. धणे अन् जिरं अर्धी-अर्धी मूठ. ओवा चिमटीनं, मुठीनं नाही. लसणाच्या कांड्या सालीसकट तव्यावर काळ्या डागापर्यंत फिरवायच्या. मिरच्या भाजून. अन् अंबाडीचा पाला सावलीत वाळवून चुरलेला, तो हात सैल सोडून घालायचा. आंबटपणा त्याचाच. अंबाडी नसली तर कैरीच्या वाळलेल्या फोडी कुटाव्या. हे सगळं जाडसर ठेवायचं. बारीक केलं की सगळं एक होतं अन् जिभेला मीठ आठवतं. दाताखाली कधी तीळ, कधी धणा आला पाहिजे.

आमटीत मीठ नाही म्हणून रडायचं नाही. चिंच घालायची, वरून लसणाची करपट फोडणी द्यायची. भाकरीच्या पिठात तीळ मळायचे. पिठल्यात, धिरड्यात सोडा टाकायचा नाही, पापडखार टाकायचा नाही, ते बी मिठाचेच भाऊ. दुकानातला तयार मसाला घ्यायचा नाही, त्यात बहुतेक मीठ असतंच. अन् पहिला महिना शिव्या देत खायचं. महिन्यानं जीभ मुकाट होते.

आता चूक सांगतो.

एकादशीला गिरजाची बहीण आली होती. ती म्हणली, "अक्का, शेंदेलोण घाल की. उपासाला मीठ चालत न्हाई, शेंदेलोण चालतंय. म्हंजी ते मीठ न्हाई." हे आम्हाला सगळ्यांना पटलं. आमच्या आया-आज्या उपासाला तेच खात आल्या. जे देवाला मीठ वाटत नाही ते डाक्टरला कसं वाटंल? गिरजानं जिंतूरच्या बाजारातून खडे आणले अन् चटणीत कुटले. मी ढेकर देईपर्यंत जेवलो. "गिरजे, आज साधलीस," म्हणलं. ती लाजली, म्हातारपणी. तिनं बी माझ्या ताटात बसून पोटभर खाल्लं.

थोड्याच दिवसांत वहाणा पुन्हा होईनात. दम लागला. जिंतूरच्या डाक्टरनं अंगठा रोवला, खळगा तसाच.

"काय खाल्लं बाबा?"

"मीठ न्हाई साहेब," गिरजा म्हणली. "शेंदेलोण."

त्यानं कपाळाला हात लावला. "मावशी, देवाला फरक असंल, काळजाला न्हाई. ते बी मीठच हाय."

सुया घेऊन परत आलो. गिरजानं आल्या आल्या चटणीचा डबा उकिरड्यात उपडा केला. राहिलेले खडे मेंढरांना टाकले.  ती नुसती चुकीनं खचली असं मला वाटलं.

मला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं

ज्यांच्याकडं मेंढरं नाहीत त्यांना हे सांगावं लागंल. मेंढराला मीठ द्यावं लागतं. सपाट दगडावर खडेमीठ फोडून टाकायचं, मेंढरं चाटतात. दिलं नाही तर मेंढरू भिंती चाटतं, माती चाटतं, दुसऱ्याची लोकर चावतं, अन् मग मागं राहू लागतं. आमच्यात हे काम गिरजाचं. मीठ फोडून झालं की ती चुलीतली राख घेऊन हात घासायची, कोपरापर्यंत, नखांत काडी घालून. पहिले ती पदराला पुसायची. राखेनं कधीपासून घासू लागली, हे मी बघितलं, पण त्यात विचारण्यासारखं काय वाटलं नाही.

शांताच्या भावाच्या लग्नात कळलं. पंगतीत गिरजाच्या पत्रावळीवर नुसता भात अन् गूळ. विहीणबाई आग्रह करत होत्या, वरण घ्या, भाजी घ्या. गिरजा हातानं पत्रावळ झाकत होती. मी शांताला विचारलं, "हिला काय झालंय?"

शांता खाली बघून म्हणली, "आत्यानं मीठ सोडलंय आबा. तुमाला ठाव न्हाई का?"

नवऱ्यासाठी बोललेला नवस नवऱ्याला सांगत नसतात आमच्याकडं. भगवानला ठाऊक, शांताला ठाऊक, तिच्या बहिणीला ठाऊक. मला नाही.

घरी येऊन विचारलं. ती पाट्यावर लसूण ठेचत होती, ठेचतच राहिली.

"कवापासून?"

"कपडे घ्यायला घरी आलाव न्हाई का परभणीला जाताना, तवा बिरोबाच्या माळावर जाऊन आले."

"काय बोललीस देवाला?"

"ज्या दिवशी हे मीठ-भाकर खातील, त्याच दिवशी मी खाईन."

"अगं बये, मला तर कायमचं बंद सांगितलंय."

"तवा कुठं कायमचं म्हणला डाक्टर? देवाला बोलून झाल्यावर म्हणला."

"मग मोड."

"एकदा मोडला की. शेंदेलोण खाल्लं न्हाई का मी? काय झालं बगितलाव ना? चार दिसांत तुमचा पाय सुजला."

पाय मी खाल्लेल्या शेंदेलोणानं सुजला, तू खाल्लेल्यानं नाही. हे मी तिला किती परीनं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, जसं लहान लेकराचं ऐकतात. "असंल," म्हणली. पण खाल्लं नाही.

भगवान बोलला, "आई, मेंढराला मीठ चारतीस अन् सोता खाईनास. मेंढराएवढी बी अक्कल न्हाई का?"

"मी मेंढरू न्हाई," ती म्हणली.

ती दिवसेंदिवस मागं पडू लागली होती. दुपारी बसली की उठायला भिंत धरायची. रात्री पिंढऱ्यांत गोळे यायचे. ती म्हणायची वय झालं. मला कळत होतं काय झालं ते. मेंढरात मी ते चालीवरून ओळखतो.

बिरोबाच्या भगताकडं गेलो. तो माझ्याच वयाचा. म्हणला, "नवस फेडायचा असतो गड्या, मोडायचा नसतो. तू देवापुढं एक घास मीठ-भाकर खा. तिचं बोलणं पुरं होतंय. एका घासानं तू मरत न्हाईस."

मला पटलं. डाक्टरला बी विचारून आलो. तो म्हणला एका घासानं काही होत नाही, पण सवय लावू नका. अमावस्येला गिरजाला घेऊन माळावर गेलो. देवाला भंडारा वाहिला. धोतराच्या सोग्यातून भाकरीचा तुकडा काढला, वर मिठाचा खडा ठेवला अन् तिला म्हणलं, "बग, खायलोय."

तिनं माझा हात झटकला. तुकडा धोंड्यांत पडला. एवढ्या वर्षांत तिनं माझ्यावर हात उचलला नव्हता.

"मला विधवा करतूस का?" अरेतुरे करून बोलली. तेही कधी नव्हतं. मग भगताच्या समोर खाली बसून रडली. "तुमच्या पायाला बोट लावून झोपते मी रोज. खळगा पडतोय का बगते. तुमाला काय ठाव."

  माळ उतरताना मी तिला म्हणलं, "बरं, मग तू शेंदेलोण तरी खा. उपासाला चालतंय. देवाच्या हिशोबात ते मीठ न्हाई."

ती थांबली. "डाक्टर म्हणला ते बी मीठच. तुमच्यासाठी मीठ अन् माझ्यासाठी न्हाई, असं कसं? देवाला काय फसवायलाव का?"

 

ऊन

त्या वर्षी चैत्रातच माळ करपला. मेंढरं खतासाठी एका शेतकऱ्याच्या रानात बसवली होती. गिरजा घागरीनं पाणी आणायची, कोकरांना पाला तोडायची. मी म्हणायचो बस, ती म्हणायची तुमचं काळीज थकलंय, माझं न्हाई. घाम यायचा, पदर वाळला की त्यावर पांढरी रेघ उमटायची. होतं-नव्हतं ते मीठ त्या पदरावर निघून जात होतं. तहान लागली की पाणी, पुन्हा पाणी, तांब्यानं पाणी.

एक दिवस दुपारी तिला उलट्या लागल्या. आम्ही लिंबाखाली निजवली. कांदा फोडून नाकाला लावला. कैरी भाजून पन्हं केलं शांतानं. पन्ह्यात मीठ असतं. गिरजा अर्धवट डोळे उघडून म्हणली, "मीठ हाय का?" शांता म्हणली, "न्हाई आत्या, घ्या." गिरजानं तोंडाला लावलं अन् थुंकून टाकलं. इतके महिने अळणी खाल्लेल्या जिभेला चिमूटभर बी कळतं.

सांजच्याला ती मला तिच्या भावाच्या नावानं हाक मारू लागली. तो भाऊ आमच्या लग्नाआधी गेलेला. "दादा, मेंढरं पांगली," म्हणत होती.

त्या दिवशी कसलासा बंद होता, एसटी नव्हत्या. त्या वर्षांत असे बंद व्हायचेच. बैलगाडीनं फाट्यावर नेली. टरबुजाचा टेम्पो थांबला, त्यानं टरबुजं सरकवून जागा केली. तो मुसलमान ड्रायव्हर जिंतूरपर्यंत प्रत्येक खड्ड्याला गाडी हळू करत होता. हे बी लिहून ठेवतो.

जिंतूरच्या त्याच डाक्टरनं तिचे डोळे उघडून बघितले. त्यानं मला आधी विचारलं, "हिला कुणी मीठ बंद केलं?"

मी सांगितलं.

 त्यानं लगेच बाटली लावली. मी विचारलं, "ह्यात काय हाय साहेब?" तो म्हणला, "मिठाचं पाणी. रक्तातलं मीठ संपलंय तिच्या. हळूहळूच द्यावं लागतंय."

थेंब-थेंब नळीतून उतरत होतं. जे मी हात जोडून, शिव्या देऊन, देवापुढं नेऊन तिच्या पोटात घालू शकलो नाही, ते सुईनं तिच्या हातात जात होतं. मी तिच्या कानाशी वाकून म्हणलं, "गिरजे, नवस तू न्हाई मोडलास, सुईनं मोडला. माझा पाय बग, सुजला न्हाई." तिचा हात धरून माझ्या नडगीवर ठेवला. बोटं हलली का नाही, मला कळलं नाही.

परभणीला नेलं. तिसऱ्या दिवशी सकाळी गेली.

जिंतूरचा डाक्टर नंतर म्हणला, नुसतं मिठानं झालं असं म्हणू नका बाबा. ऊन होतं, वय होतं, उलट्या होत्या. पण अंगात शिल्लक काहीच नव्हती. शिल्लक असती तर कदाचित. असं तो बोलला. तो चांगला माणूस आहे, खोटा दिलासा देत नाही.

दोन चटण्या

लोक मला म्हणतात, सावित्री होती, तुझ्यासाठी गेली. बोलणाऱ्यांनी बोलावं. मला तिचा राग येतो. तिनं मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, मला तुझा नवस नको, मला तू पाहिजे. पण ते आमच्यात बोलायची रीत नाही, अन् आता बोलून कुणाला ऐकवू.

ती गेल्यावर मी मेंढरांच्या मिठाच्या पोत्याजवळ बसलो होतो. खोटं कशाला बोलू, पोत्यात हात घातला होता. दोन-चार मुठी खाल्ल्या असत्या तर काळजानं पुढचं बघून घेतलं असतं. भगवाननं आत बघितलं अन् म्हणला, "आबा, भाकर टाकलीय. आईची चटणी हाय अजून डब्यात."

डबा अर्धा भरलेला होता. तिनं ऊन लागायच्या आधल्या दिवशी कुटलेली. मी हात झटकून उठलो. ती चटणी फेकायची का खायची, एवढंच माझ्यापुढं होतं. खाल्ली. डबा संपला तेव्हा मी स्वतः पाट्यावर बसलो. जवस जाळला, ओवा जास्त घातला, सगळं तिच्यासारखंच. शांता आता हसली नाही. पुढं हात बसला.

आता कुणाला मीठ बंद झालं की लोक माझ्याकडं येतात. बायका विचारतात, जवस किती, अंबाडी किती. मी सांगतो. मग विचारतो, "तुजं मीठ चालू हाय ना?" काही खाली बघतात. तेव्हा मी त्यांना ही सगळी हकिकत सांगतो, अन् घरी जाताना हातात दोन पुड्या देतो. एक अळणी, त्याच्यासाठी. एक मिठाची, तिच्यासाठी. एका घरात दोन चटण्या झाल्या तर संसार फाटत नाही. आमच्या घरात एकच होती.

पित्रात तिचं ताट वाढतो आम्ही. पहिल्या वर्षी शांता ताट वाढताना थांबली. ताटात पहिलं मीठ वाढतात, डाव्या अंगाला. म्हणली, "आबा, आत्यानं तर मीठ सोडलं होतं. वाढू का नको?"

मी म्हणलं, "वाढ. चिमूट न्हाई, मूठ."

तिनं वाढलं. ताट पत्र्यावर ठेवलं, कावळ्यांनी भात नेला, पुरणपोळी नेली. मीठ तसंच राहिलं. कावळा मीठ कशाला खातो. ते मी ओंजळीत घेतलं अन् मेंढरांच्या वाड्यावर गेलो. गिरजानं बाटलीनं दूध पाजून वाढवलेली एक मेंढी आहे, ती पुढं आली. माझ्या हातातूनच चाटून खाल्लं तिनं, तळहात कोरडा होईपर्यंत.

मग चुलीतली राख घेतली अन् हात घासले. कोपरापर्यंत, नखांत काडी घालून. मग अळणी भाकर खाल्ली.